भरपूर पाण्याची कॉलनी

२ जानेवारी

पाणी समितीच्या चेअरमनपदी सलग तिसऱ्यांदा बिनविरोध निवड. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. याला म्हणतात विश्वास. ही म्हणाली, याला म्हणतात दुसऱ्याच्या गळ्यात लोढणं अडकवून मोकळं होणं. बायकोला सार्वजनिक जीवन कळत नाही.

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. वाचणारा मी एकटाच, म्हणजे खरं तेच लिहिलं जाणार.

संध्याकाळी लेकीचा फोन. एप्रिलच्या शेवटी बाळ. विहीणबाई म्हणतात इथेच राहा, इथे चोवीस तास पाणी. लेक म्हणते मला आईबाबांकडेच यायचंय, मार्चमध्ये येईन, बाळ मान धरेपर्यंत राहीन. मग हळूच विचारलं, पण बाबा, पाणी आहे ना? मी म्हटलं, भरपूर. ती हसली. लहान होती तेव्हापासून मी थापा मारल्या की हसते. म्हणजे, तिला थापा वाटतात.

बाळ मान धरेपर्यंत! फोन ठेवून गच्चीवर एक चक्कर मारून आलो. उगाचच.

५ जानेवारी

आज परिस्थितीचा आढावा घेतला. आम्ही राहायला आलो तेव्हा कॉलनीत मोजकी घरं होती आणि टाकी त्यांच्याच मापाची. आता बॅडमिंटन कोर्टावर बिल्डिंग उभी आहे, मागच्या उतारावर नवी गल्ली झाली आहे, आणि जुन्या बंगल्यांनी डोक्यावर मजले चढवले आहेत. टाकी आहे तेवढीच. पाणी आधी रोज यायचं, मग दिवसाआड, आता चावीवाला मेन व्हॉल्व सोडेल तेव्हा. त्याच्या अंगावर ओरडून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रोगाचं मूळ एकच : माणसं फार झाली. पुढच्या मीटिंगला ठणकावून सांगणार, कॉलनीत आता नवा माणूस नको म्हणजे नको.

सकाळी अकरा : नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. बिल्डर म्हणाला चेअरमनसाहेबांनाच विचारा. पोरगी आमच्या लेकीएवढी, तीही पोटुशी. पाणी आहे ना साहेब, म्हणाली. मी म्हटलं, भरपूर. तोंडावर नाही कसं म्हणणार? शिवाय साहेब म्हणाली होती.

ठणकावून सांगायचं ते पुढच्या मीटिंगपासून.

९ जानेवारी

मला एक सिस्टीम सुचली आहे. पाणी कधी येईल नेम नाही, म्हणून घरटी एक माणूस नळापाशी राखण करत बसलेला असतो. लेक आली की तिला बसवणार का? तर नळाला नळी जोडायची, नळीचं टोक ड्रमच्या अगदी तळाशी सोडायचं, आणि नळ कायमचा उघडा ठेवायचा. पाणी आलं की ड्रम आपोआप भरतो. तळाशी अशासाठी की आवाज होत नाही. आवाज झाला की शेजाऱ्याला कळतं, शेजाऱ्याला कळलं की तो लाईनला मोटर लावून ओढतो.

मोटर लावायला कॉलनीत बंदी आहे. बंदी मीच घातली. माझी मोटर बंदीच्या आधीची आहे.

सही-शिक्क्यानिशी नोटीस काढली. घरोघर जाऊन टोक तळाशी आहे का ते स्वतः तपासलं. शेवटच्या गल्लीपर्यंत गेलो. तिथे हेडबाई राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, स्वभावातून नाही. म्हणाल्या, साहेब, नळी ठीक आहे, पण पाणी? मी म्हटलं सिस्टीम आली की पाणी आलंच.

१५ जानेवारी

ड्रम काठोकाठ. कोणी जागचं हललं नाही आणि ड्रम काठोकाठ! हिला दाखवला. हिने बघितला आणि म्हणाली, झाकण लावा. तिची स्तुती करायची हीच पद्धत आहे.

२१ जानेवारी

सकाळी ड्रम गळ्याशी होता. दुपारी कमरेशी. हिला विचारलं चादरी धुतल्यास का. ही काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. तेव्हा चादरी धुतल्या नसाव्यात.

२४ जानेवारी

झाकणावर दगड ठेवला. दगड जागच्या जागी आणि पाणी अर्धं. फरशी कोरडी ठणठणीत. गळती नाही. चोरही नाही, कारण दाराला आतून कडी होती. पलीकडचा कंपाउंडर म्हणाला त्याचंही पाणी कमी होतं, आणि म्हणताना माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. माणूस किती खालच्या थराला जातो. मी मोटर लावतो ती फक्त तासभर.

२८ जानेवारी, दुपारी तीन

अक्षर जरा वाकडं येतंय. चहा जास्त झाला असेल.

ही बहिणीकडे गेली होती. आज ड्रमपाशी स्टूल टाकून बसलो. भर दुपार, कॉलनीत सामसूम, कुत्रंसुद्धा सावलीला. अचानक नळातून आवाज आला. घोट. मग दुसरा. मग घटाघटा, दम न घेता, उन्हातून आलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावावा तसा. दगड काढला, झाकण उघडलं. पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. भांडं नाही, हात नाही, कोणी नाही. कोणीतरी पीत होतं एवढं नक्की.

मी घाबरलो नाही. हवा खायला बाहेर आलो. चपला घालायच्या राहिल्या इतकंच.

३१ जानेवारी

आज बाथरूममध्ये दाढी करत होतो. नळ सिस्टीमप्रमाणे उघडाच, त्यातून फक्त हवा. त्या हवेतून एक बाई बोलली.

आलं का?

इतकंच. स्पष्ट. मी वस्तरा खाली ठेवला. थोड्या वेळाने दुसरा आवाज, आणखी लांबून, खोलातून आल्यासारखा : नाही. मग नुसता उसासा. मग काहीच नाही.

खिडकीबाहेर बघितलं. कोणी नव्हतं. गच्चीत बघितलं. कोणी नव्हतं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर येऊन बसलो. हिने विचारलं हे काय सोंग. मी म्हटलं पाणी वाचवतोय.

कोणाला सांगणार? चेअरमनच्या नळात बाई आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आणि हिला कळलं तर लेकीला कळायला वेळ लागणार नाही.

४ फेब्रुवारी

रोज येते. भर दुपारीच येते. आलं का. एवढे दोन शब्द, पण असे विचारते की जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलं आहे.

आज नव्या बिल्डिंगमधून आणखी दोन कुटुंबं भेटायला आली. एकाबरोबर म्हातारे आईवडील आणि शाळकरी पोरं. पाणी आहे ना? माझं लक्ष बाथरूमच्या दाराकडे होतं. म्हटलं भरपूर, भरपूर, या तुम्ही.

८ फेब्रुवारी

आज धीर करून नळाला तोंड लावलं आणि उत्तर दिलं. म्हटलं, भरपूर आहे, काळजी करू नका, समिती प्रयत्न करतेय. पलीकडे एकदम चिडीचूप. मग काहीतरी पडल्याचा आवाज, आणि दिवसभर शांतता.

नेतृत्वाचा गुण भुतांनाही लागतो म्हणायचा.

आता रोज दुपारी दोन वाक्यं बोलत जाईन. बोलल्याने मलाही बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी

ही म्हणाली, आधी सलग आठवडाभर पाणी दाखवा, मगच लेकीला आणायचं. नाहीतर मीच तिच्याकडे जाते. बाळंतिणीने हंडे मोजत बसायचं असेल तर ती तिकडे सुखी आहे. मी म्हटलं आठवडाभर काय, महिनाभर दाखवतो. हिने कपाळाला हात लावला.

लेकीची खोली लावून घेतली. तिचा जुना पलंग खिडकीशी ओढला. बाळासाठी टब आणलाय, पिवळा. ठेवला ड्रमशेजारी. रिकामा टब बघवत नाही म्हणून त्यावर टॉवेल टाकला.

१६ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी गॅलरीत आलो. फाटकाबाहेर माणसं उभी होती. ओळीने. बाया, पुरुष, एक म्हातारा. प्रत्येकाच्या हातात रिकामं भांडं. कोणी बोलत नव्हतं, कोणी हलत नव्हतं, सगळे वर माझ्याकडे बघत होते. आणि चेहरे ओळखीचे. ज्यांना ज्यांना मी भरपूर म्हटलं ते सगळे होते, एकेक करून. ती पोटुशी पोरगी सगळ्यांत पुढे, भिंतीला टेकून.

आत येऊन पडदा ओढला आणि हिला हळूच विचारलं, बाहेर तुलाही कोणी दिसतं का?

ही म्हणाली, सगळ्या जगाला दिसतंय, पाणी मागायला आलेत लोक, जा, फाटक उघडा.

मी अंग मोडून आल्याचं सांगून पडून राहिलो. हिनेच एकेक तांब्या दिला. खरंच बरं नव्हतं.

२० फेब्रुवारी

आता फार झालं. भूत असो की चोर, छडा लावणार. कपड्यांना घालायची नीळ आणली, मोठी डबी, आणि अख्खी ड्रममध्ये ओतली. आता जो कोणी माझं पाणी पीत असेल त्याचं तोंड निळं, आणि वापरत असेल त्याचे कपडे निळे. ही म्हणाली, आणि आपण काय प्यायचं? प्रत्येक मोठ्या मोहिमेत घरचा माणूस असे बारीकसारीक प्रश्न काढतो.

२१ फेब्रुवारी

सापडला! कंपाउंडरचा पांढरा डगला दोरीवर, निळाशार. मी त्याच्या दारात उभं राहून चोर म्हणालो. तो म्हणाला, साहेब, आज माझ्या नळालाच निळं पाणी आलंय. खोटारडा.

संध्याकाळी

हेडबाईंचं पातळ निळं. नव्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमधली बाळांची झबली निळी. शाळेचे शर्ट निळे. मी गल्लीगल्लीतून फिरलो. वारा पडलेला, दोऱ्यांवर कपडे ओळंबलेले, सगळे एका रंगाचे, माझ्या ड्रमच्या रंगाचे. आणि दारादारांत उभी माणसं गप्प. मला एकाएकी भीती वाटली. चोरांची नाही. कशाची ते सांगता येत नाही.

हेडबाई म्हणाल्या, निळं तर निळं, आमच्या गल्लीला कितीतरी दिवसांनी आज आलं.

२३ फेब्रुवारी

तातडीची मीटिंग. मीच बोलावली, चोरांचा बुरखा फाडायला. सुरुवात चांगली झाली. मग हेडबाई उठल्या. म्हणाल्या, तुमच्या ड्रममधलं पाणी कोण पितं ते मागाहून बघू, आमच्या नळात कोण बसलंय ते आधी सांगा. रोज दुपारी एक म्हातारा नळातून बोलतो, भरपूर आहे, काळजी करू नका. सुनेच्या हातून पहिल्या दिवशी हंडा पडला. पोरं आता मोरीत जात नाहीत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहुधा आवाज ओळखला. मी पाणी प्यायलो. निळं होतं.

कंपाउंडरने पाण्याने भरलेली एक बादली आणि नळीचा तुकडा आणला होता. भर सभेत नळीचं टोक बादलीच्या तळाशी सोडलं, दुसरं टोक तोंडाने ओढून जमिनीशी धरलं. बादली रिकामी. म्हणाला, ही साहेबांची सिस्टीम. लाईनमध्ये प्रेशर नसलं की उतारावरचा किंवा मोटरवाला आपल्या ड्रममधलं परत ओढून घेतो. महिनाभर कॉलनीत नवं पाणी जवळजवळ आलंच नाही. एकमेकांच्या ड्रममधलं तेच पाणी आपण सगळे एकमेकांकडून ओढतोय.

मीटिंग खेळीमेळीत पार पडली. माझ्या प्रयोगामुळे लोकांना विज्ञान समजलं, हे कोणी बोललं नाही, पण तसं वातावरण होतं. खुर्ची फेकली ती कंपाउंडरच्या दिशेने असावी.

म्हणजे ती बाई हेडबाईंची सून. जिवंत आहे. रिकाम्या पाइपातून आवाज येत होता, बस. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. भूत असती तर बरं झालं असतं. भुताला मी शब्द दिलेला नव्हता. सुनेला मात्र, शेवटच्या गल्लीत घर घ्या, पाणी भरपूर, असं मीच सांगितलं होतं.

३ मार्च

नळ्या निघाल्या. नळ बंद. आता ज्याचं पाणी त्याच्याकडे, म्हणजे कोणाकडेच नाही.

टँकर मागवला. आल्याबरोबर दोन शब्द बोलावेत म्हणून घरातून खुर्ची आणायला गेलो. परत येईपर्यंत टँकर रिकामा होऊन वळतसुद्धा होता. ड्रायव्हरने हात हलवला. मीही हलवला.

१० मार्च

लेक आली!

केवढी दिसते आता. जिना चढताना दोनदा थांबली. ड्रम भरलेला आहे. कसा भरला ते लिहीत नाही, पण पहाटेपासून मी आणि माझी सायकल दोघेही वाकडे झालो आहोत. ही पण आज चिडली नाही. दोघी खोलीत बोलत पडल्या आहेत, मधूनच हसतात. मी गॅलरीत बसून ऐकतोय. असंच बाळ मान धरेपर्यंत चालायला काय हरकत आहे?

१२ मार्च

लेक अर्ध्या बादलीत आंघोळ करते आणि पुरलं म्हणते. पाय सुजलेत, ते पाण्यात ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. तांब्यात ठेवू का, म्हणाली. हसत म्हणाली. बरं नाही वाटलं.

१३ मार्च

दुपारी फाटकाशी ती दुसरी पोटुशी पोरगी आली. एकटीच, हातात पातेलं. मी लेकीला म्हटलं तू उन्हात येऊ नकोस, मी बघतो. ती ऐकते थोडीच. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, पोटाला पोट लागेल अशा. काय बोलल्या ऐकू आलं नाही. मग लेक आत आली, ड्रममधलं पाणी घागरीने काढून बाहेर देऊ लागली. तिच्यामागे आणखी लोक आले. ही थांबवायला उठली आणि परत बसली.

ड्रमचा तळ वाजायला लागला तेव्हा लेक माझ्यापाशी आली. म्हणाली, बाबा, तुम्ही त्या मुलीला काय सांगितलं होतं? मी म्हटलं, तेच. जे तुला सांगितलं ते.

हसली. पोटावर हात ठेवून, श्वास पुरेल तेवढंच. मग म्हणाली, मला माहीतच होतं बाबा. तरी आले. मला वाटलं, निदान आपल्यापुरतं तरी असेल.

१५ मार्च

दोघी मायलेकी विहीणबाईंकडे गेल्या. जावई गाडी घेऊन आला होता. ही व्यवस्था तात्पुरती आहे. टब इथेच ठेवायला सांगितला, कारण परत यायचंच आहे. गाडीत टब मावला असता, पण कोणी आग्रह केला नाही.

२ एप्रिल

एकटा माणूस असला की पाणी पुरतं. ड्रम जवळजवळ भरलेला आहे. म्हणजे सिस्टीम चुकीची नव्हती, माणसंच जास्त होती. आज माझ्या घरात मी नेमका तेवढा माणूस आहे जेवढ्याला पाणी आहे.

बाथरूमचा नळ गच्च बंद केला आहे, वर फडकं बांधलं आहे. तरी दुपारी येतोच आवाज. आता विचारत नाही. आता नुसता श्वास ऐकू येतो, कोणीतरी तोंड लावून वाट बघत असावं तसा. मी पण अलीकडे तसाच उभा असतो. बोलत नाही.

११ एप्रिल

चेअरमनपदाचा राजीनामा दिला. सल्लागार म्हणून राहायला तयार आहे असं खाली लिहिलं होतं. राजीनामा मंजूर. खालचं कोणी वाचलं नसावं.

नव्या बिल्डिंगच्या शेजारी आणखी एक खड्डा खणतायत. मी सहज विचारलं किती मजली. बिल्डरने हात वर केला आणि खाली आणलाच नाही.

२९ एप्रिल

नात झाली! दोघी सुखरूप. फोनवर नातीचं रडणं ऐकवलं. तिच्या रडण्यामागे नळ वाहत होता, धो धो, कोणीतरी सोडून ठेवला होता. मी रडणं ऐकायचं सोडून तेच ऐकत राहिलो. शेवटी ओरडलो, अरे तो नळ बंद करा. पलीकडे सगळे दचकले. लेक म्हणाली, बाबा, या इकडे.

३ मे

लेकीच्या घरी. आठव्या मजल्यावर. नात दिसायला माझ्यावर गेली आहे. हे सगळ्यांनी नाकारलं. मांडीवर घेतली तर झोपली. तासभर हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी. किती हलकी, आणि किती घट्ट बोट धरते.

ठरवलं आहे : इथे पाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पाहुण्यासारखं राहायचं.

४ मे

इथे लोक दात घासताना नळ सोडून ठेवतात. विहीणबाई भाजी धुताना शेजारणीशी गप्पा मारतात आणि पाणी वाहतंय, वाहतंय. मी गुपचूप मागे जाऊन बंद करतो. त्या सोडतात, मी बंद करतो. शेवटी म्हणाल्या, अहो, हे तुमच्या कॉलनीतलं नाही. गोड बोलून म्हणाल्या.

आंघोळ अर्ध्या बादलीत उरकली. पूर्ण बादली अंगावर घ्यायला गेलो तर फाटकाशी उभी असलेली माणसं डोळ्यांसमोर आली. ओल्या अंगाने उभाच राहिलो.

६ मे

आज पहाटे उठून घरातलं एकूणएक भांडं भरून ठेवलं. पातेली, डबे, थर्मास, फुलदाणी. नातीचा टबसुद्धा. सकाळी तिला आंघोळ घालायची तर टबात गार पाणी. लेक चिडली. ही म्हणाली, यांना घरी पाठवा. जावयाने न चिडता सगळी भांडी गॅलरीतल्या कुंड्यांत ओतली. सज्जन माणूस आहे. म्हणाला, बाबा, तुम्ही शांत झोपा, इथे तसं काही होत नाही.

गॅलरीतून चारी बाजूंना बिल्डिंगा दिसतात. काहींचे नुसते खांब उभे आहेत. समोरच्या नव्या टॉवरवर बोर्ड आहे, चोवीस तास पाणी. खाली एक कुटुंब वर बघत उभं होतं, आणि हातात कागद घेतलेला माणूस त्यांना हसून काहीतरी सांगत होता. इतक्या उंचावरून ऐकू येणं शक्य नाही. पण त्याच्या ओठांवरून मला कळलं.

७ मे

दुपारी, सगळे झोपलेले असताना, स्वयंपाकघरातल्या पाइपात एक घोट वाजला. अगदी बारीक. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. जावयाला उठवून सांगितलं. तो हसला. ही म्हणाली, डॉक्टरला दाखवू या का?

मग म्हटलं जाऊ दे. भास होतात म्हणे या वयात. एकही भांडं भरलं नाही. पुन्हा भरणार नाही असा जावयाला शब्द दिलाय, तो पाळला.

९ मे

सकाळी नळ खोकला.

विहीणबाईंनी परत फिरवला. पुन्हा खोकला, थोडी लालसर थुंकी टाकली आणि नुसती हवा सोडायला लागला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, घरातलं कोणी अचानक आजारी पडावं तशा. जावई खाली पळाला. वर आला तेव्हा चेहरा उतरलेला. अख्ख्या बिल्डिंगला पाणी नाही. समोरच्याला नाही. मागच्याला नाही. घरात घोटभर पाणी नव्हतं. दूध पावडरचा डबा ओट्यावर उघडा पडलेला.

नात माझ्याकडे होती, रडत होती. लेक बाथरूममधून तशीच बाहेर आली, डोक्याला साबण, डोळे मिटलेले. भिंत धरून माझ्यापर्यंत आली. म्हणाली, बाबा, येईल ना?

सगळे माझ्याकडे बघत होते. विहीणबाई, जावई, ही. माझ्याकडे असं आजवर कोणी बघितलं नव्हतं, माझ्या कॉलनीतसुद्धा. या घरात या विषयातलं कळणारा मी एकटा. शब्द तोंडात तयार होता. फक्त सोडायचा होता.

खाली बघितलं. नातीचे ओठ कोरडे पडले होते.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

आयुष्यभर मी थापा मारल्या तेव्हा ही पोरगी हसली. आज खरं बोललो तर तिने डोळे उघडले, साबण जाऊन झोंबत असतानाही, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच भीती वाटली. मग तिने बाळ माझ्या हातांतून काढून घेतलं आणि छातीशी धरलं.

जावई पाण्याच्या बाटल्या शोधायला गेला आहे. दुपारचे दोन वाजले. अजून आलेलं नाही.